दुमडल्या हाताचा माणूस

रौधाबरोबर फिरायला निघायचं तर हॉटेल हा शब्द तोंडातून काढायचा नाही. पाणी घरून, अंडी घरून उकडून, हरीसाची लाल चटणी डबीत भरून आणि काखेत लांबडे पाव. समुद्र फुकट, किल्ल्यावरचा वारा फुकट, मग पोटाचेच एवढे लाड कशाला, असा तिचा सरळ हिशेब. ट्युनिसच्या तळावर लुआज उभी होती. ही पांढरी गाडी शेवटची सीट भरल्याशिवाय जागची हलत नाही, आत बसलेल्यांनी कितीही बोंबलावं. शेवटी रौधा कंटाळून खाली उतरली आणि ड्रायव्हरच्या वरताण ओरडायला लागली.

"केलिबिया! केलिबिया! एकच जागा! अहो काका, चढा की! किती विचार करताय? गाडीशी लग्न लावायचंय का?"

काका चढले, गाडी भरली, सगळे हसले. खिडकीशी बसलेली वसीला तेवढी हसली नाही. सध्या लग्न हा शब्द कानावर पडला की ती खिडकीबाहेर बघायला लागायची.

घरी सांगितलं होतं ते असं, की दोघी मैत्रिणी दोन दिवस किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरणार, केलिबियाचा किल्ला बघणार, समुद्रात डुंबणार आणि परत येणार. यात खोटं काही नव्हतं. फक्त हा किनारा जिथं संपतो त्या टोकाला हवारिया नावाचं गाव आहे आणि त्या गावात नूरी नावाचा एक पंपदुरुस्तीवाला राहतो, एवढं सांगायचं राहून गेलं. या नूरीनं वसीलाला मागणी घातली होती. शुक्रवारी तिच्या भावानं उत्तर द्यायचं होतं. हो म्हटलं की त्याच संध्याकाळी फातिहा पढायचा, सरबत वाटायचं, विषय संपला.

वसीला चाळिशीला टेकली होती. एक लग्न करून, मोडून, भावाच्या घरी परत आलेली. दाताच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची आणि संध्याकाळी बाल्कनी बंद करून केलेल्या खोलीत झोपायची. वहिनी तशी वाईट नव्हती हो. पण सकाळी न्हाणीघराच्या दारावर टकटक करताना ती जो उसासा सोडायची, तो ऐकला की वसीलाला साबण अंगावर तसाच ठेवून बाहेर यावंसं वाटायचं. शेजारणी वेगळ्याच. जिन्यात गाठून विचारायच्या, "काय गं, तुझं काही जमतंय का?" जणू हिचं सरकारदरबारी काम अडकलंय. तेव्हा मनातल्या मनात वसीलाचं उत्तर झालं होतं. हो. हो म्हणायचं आणि सुटायचं.

मग अडलं कुठे? अडलं होतं नूरीच्या डाव्या हातात.

नूरी मागणी घालायला आला तो आपल्या खालाला, म्हणजे मावशीला घेऊन, बकलाव्याचा खोका घेऊन, इस्त्रीच्या सदऱ्यात. इथपर्यंत सगळं रीतसर. पण बसला तो समोर नाही, बाजूला, भिंतीकडे. आणि पूर्ण भेटीत एक शब्द बोलेल तर शपथ! भावानं विचारलं, धंदा कसा आहे. यानं मान हलवली. वहिनीनं विचारलं, रस्त्यात त्रास नाही ना झाला. मान हलवली. बोलायचं सगळं काम खालाच करत होती. वसीला चहाचा ट्रे घेऊन आली तर यानं तिच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही, बकलाव्याची बशी तेवढी बोटानं हळूच तिच्याकडे सरकवली. आणि तो डावा हात! कोपरात दुमडून पोटाशी धरलेला, मूठ मिटलेली. चहा उजव्या हातानं, खाणं उजव्या हातानं, निरोप घेतला उजव्या हातानं. डावा जिथल्या तिथं.

दार लागल्याबरोबर वहिनी म्हणाली होती, "लकवा! मी सांगते, लकवाच आहे. आणि जीभही गेलीय त्यातच."

भाऊ म्हणाला, "गप गं. पंप दुरुस्त करतो ना? एका हातानं करत असेल."

दोघंही दोनच दिवसांत हात विसरून गेले. वसीला विसरली नाही. मुकेपणाचं एक वेळ चालेल, हाताचंही चालेल, आजाराला कोण काय करणार. पण हे लोक आपल्यापासून काय लपवतायत, हे कळल्याशिवाय हो म्हणायला तिची जीभ रेटेना. पहिल्या लग्नाच्या वेळी तिनं काहीच विचारलं नव्हतं. त्या माणसानं आधी तिची नोकरी सोडवली, मग रौधाचं येणं बंद केलं, मग तिचा फोन आपल्या खिशात ठेवायला लागला. एकदम नाही, हळूहळू, प्रत्येक वेळी गोड बोलून. आता निदान एक हात तरी बघून घ्यावा, म्हणून ती निघाली होती.

केलिबियाला उतरल्यावर रौधा म्हणाली, "हात काय पळून जात नाही. आधी किल्ला."

किल्ल्याची चढण उन्हात अशी की जीव मेटाकुटीला यावा. दोघी धापा टाकत दरवाजातून आत शिरल्या. आतल्या पटांगणात कुणाच्या तरी कोंबड्या चरत होत्या आणि दोरीवर कपडे वाळत होते. रौधाला ते फार आवडलं. एवढा तटबंदीचा डौल आणि आत कुणाची तरी चड्डी वाळतेय, असं म्हणून ती तिथंच सावलीत बसली आणि अंडी सोलायला लागली. वसीला तटावर चढली. खाली समुद्र असा निळा, की बघताना डोळे चुरचुरावेत. उत्तरेला जमीन निमुळती होत गेली होती आणि पार शेवटी एक डोंगर समुद्रात पाय सोडून बसला होता.

"तेच का गं हवारिया?" रौधा तोंडात अंडं घेऊन मागून आली.

"तेच असावं."

"म्हणजे तू लग्न करून तिथं जाणार आणि मी तुला भेटायला इतकं लांब येणार! भाडं कोण देणार?"

"तू अंडी विकून ये."

"हसतेस? हसलीस! अगं, या महिन्यात पहिल्यांदा." रौधानं तिच्या खांद्यावर मीठ लागलेला हात मारला. "बरं, हाताचं मी ठरवलंय. लकवा नाही. त्याच्या बाहीत सुरा आहे."

"जा गं."

"नाहीतर मग बायकोनं मारलेला असेल. पहिल्या."

"पहिली वारली. खाला म्हणाली ना."

"मग मरता मरता मारला असेल."

दुपारभर दोघी मन्सुरा किनाऱ्याच्या वाळूत पडल्या. रौधा कपड्यांसकट पाण्यात शिरली आणि लाटांना शिव्या देत बाहेर आली. वसीला पोहत लांब गेली. लहानपणापासून ती चांगली पोहायची, मधल्या त्या लग्नाच्या काळात पाण्याला पायसुद्धा लावला नव्हता. पाण्यावर उताणी पडून तिनं आपला डावा हात पोटाशी दुमडून बघितला, मूठ मिटून. एका कुशीवर कलंडली आणि नाकात पाणी गेलं. इतका वेळ माणूस असा हात धरतो तरी कसा, हे कुतूहल तिला आता स्वस्थ बसू देईना. रात्र युवकगृहाच्या लोखंडी कॉटवर काढली. तिथली चादर बघून रौधानं स्वतःची अंथरली, अर्थातच घरून आणलेली.

दुसऱ्या दिवशी हवारियाच्या चौकात उतरल्या आणि समोरच्या कॅफेकडे बघून रौधा जागच्या जागी थांबली.

"वसीला. अगं, इकडे बघ. बघ, बघ, बघ."

कॅफेच्या बाहेर टेबलं मांडलेली. टेबलांवर कॉफीचे पेले, पत्ते, सिगारेटी. आणि खुर्च्यांवर पुरुष, सगळ्यांचा डावा हात कोपरात दुमडून पोटाशी. त्यातल्या काहींच्या मुठीवर ससाणा बसलेला, पिवळ्या डोळ्यांचा, पायांत चामड्याच्या वाद्या. गंमत अशी की ज्यांच्या मुठीवर पाखरू नव्हतं त्यांचेही हात तसेच! एकजण आतून तोंड पुसत बाहेर आला, हात मोकळा, तरी दुमडलेला. दुसरा दोन बोटांत पत्ते धरून खेळत होता आणि डावी मूठ जिथल्या तिथं.

हवारियात ससाणे पाळतात हे कुणाला माहीत नाही? दरवर्षी टीव्हीवर जत्रा दाखवतात, लोक जेवता जेवता बघतात. पण पंपदुरुस्तीवाला सोयरीक जुळवायला येतो आणि त्याचा हात वाकडा दिसतो, तेव्हा ट्युनिसमधल्या कुणाच्या डोक्यात ससाणा येतो? लकवाच येतो.

रौधा हसायला लागली ती इतकी की तिला खांबाला धरावं लागलं. "लकवा! सगळ्या गावाला लकवा! वहिनीला फोन लाव, सांग तिला, साथ आलीय म्हणावं!"

एक म्हातारा, डोक्यावर लाल टोपी, मुठीवर पाखरू, त्यांच्याकडे वळून म्हणाला, "पोरींनो, हसा, पण हळू हसा. ही बुजते."

त्याचं नाव हमदा. हमदा चाचांना ऐकणारं माणूस मिळालं की चहा सांगायची सवय होती आणि फुकटचा चहा म्हटल्यावर रौधा खुर्ची ओढून मोकळीसुद्धा झाली. वसीला पाखराकडे बघत राहिली. छाती आडव्या रेघांची, नजर अशी करडी की आपणच काहीतरी गुन्हा केलाय असं वाटावं.

"रानातलं पाखरू मुठीवर बसतं तरी कसं चाचा?" तिनं विचारलं.

"धरायचं वसंतात, जाळ्यात. तेव्हा ती नुसती भीती असते, पिसं लावलेली भीती." चाचांनी आवाज खाली आणला. "मग मुठीवर घ्यायची आणि बसायचं. समोर नाही बसायचं, बाजूला. तिच्या डोळ्यात डोळा घालायचा नाही. बोलायचं नाही. तिची भीती सरेपर्यंत आपण भिंत व्हायचं. मध्येच एखादा घास बोटानं पुढे सरकवायचा. खाल्ला तर खाल्ला."

रौधाचा चहाचा पेला अर्ध्यातच थांबला. तिनं वसीलाकडे पाहिलं. वसीलाचे कान लाल झाले होते.

बाजूला बसायचं. बघायचं नाही. बोलायचं नाही. घास पुढे सरकवायचा. बकलाव्याची ती बशी तिच्या डोळ्यांसमोर आली आणि तिच्या डोक्यात सण्णकन राग गेला.

"या बाबानं मला पाखरू समजलं!" ती रौधाच्या कानात फिसकारली. "माझ्या घरात, माझ्या चहावर, मला माणसाळवत बसला होता!"

"पण त्यात वाईट काय? बिचारा..."

"बिचारा कसला!" आणि मग तिनं चाचांना विचारलं, "पुढे काय? गप्प बसून झाल्यावर?"

"पुढे?" चाचांनी खांदे उडवले. "पुढे भूक. उपाशी ठेवायची. थोडी थोडी. पोट भरलेलं पाखरू कुणाचं ऐकतं? भूक लागली की शीळ कळते, शीळ कळली की मुठीवर येते. मग ती तुमची."

वसीलानं चहाचा पेला दूर सारला. राग गेला आणि त्या जागी जुनी, ओळखीची भीती येऊन बसली. आधी नोकरी, मग रौधा, मग फोन. थोडी थोडी भूक. तिला हे सगळं आधीच माहीत होतं, फक्त ही गावभर चालणारी रीत आहे हे माहीत नव्हतं.

"चल," रौधा उठली. तिचीही चेष्टा आता संपली होती. "हात बघितला ना? लुआज भरत आलीय. कुर्बूसला जाऊ, गरम पाण्याचे झरे फुकट आहेत."

वसीला उठली, चार पावलं चाललीही. मग वळली. "चाचा, पंपवाले नूरी कुठे भेटतील?"

"वसीला!"

"न विचारता गेले तर जन्मभर हा किडा डोक्यात राहील, रौधा. परवा मला हो किंवा नाही म्हणायचंय. तुला नाही."

चाचांनी डोंगराकडे बोट दाखवलं. नूरी वर कड्यावर गेला होता. हंगाम संपला होता, आज तो आपली ससाणी सोडणार होता.

पायवाट झुडपांतून जात होती, वारा ओढणी उडवत होता. रौधा मागून बडबडत येत होती, की या चढणीचे किल्ल्यापेक्षा जास्त पैसे घ्यायला पाहिजेत. कड्याच्या टोकाशी, समुद्राकडे तोंड करून, नूरी दगडावर बसला होता. मुठीवर पाखरू. आणि चक्क बोलत होता. पाखराशीच, अखंड, खालच्या आवाजात. कुणाचा तरी पंप त्यानं तीनदा उघडला, तिन्ही वेळा आत बेडूक निघाला, अशी काहीतरी गोष्ट चालली होती.

पावलं ऐकून त्यानं मान वळवली. वसीलाला बघून तो उठला आणि पुन्हा बसला. चेहऱ्यावरचा रंग गेला आणि लगेच परत आला.

"इथं तर बोलता की तुम्ही!" वसीला म्हणाली. सलाम नाही, दुवा नाही, सरळ एवढंच.

"हो," तो म्हणाला. "ही आता घाबरत नाही."

"आणि मी घाबरत होते?"

"तुमच्या ट्रेमधले पेले वाजत होते," नूरी म्हणाला. "आत येण्याआधी तुम्ही दाराआड थांबला होतात. बराच वेळ. सगळे बोलत होते, तुम्ही कुठे आहात हे कुणी बघत नव्हतं. मला पेले ऐकू येत होते." तो पाखराच्या छातीवरून बोट फिरवत राहिला. "घाबरलेल्याजवळ असंच बसायचं, मला एवढंच येतं. चुकलं असेल. खालानं रस्ताभर शिव्या घातल्या."

रौधा दोन पावलं मागे सरली.

वसीलानं उडणारी ओढणी मुठीत धरली. त्या दिवशी घरात सगळे होते. भाऊ होता, सख्खा. दाराआड ती भिंतीला पाठ लावून उभी होती आणि पाय हलत नव्हते, हे आजवर तिनं रौधालासुद्धा सांगितलं नव्हतं. या परक्या माणसानं ते ऐकलं होतं. तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं, आणि म्हणूनच तिनं स्वतःला सावरलं. पहिल्या माणसानंही सुरुवातीला असंच बरं वाटू दिलं होतं.

"आणि नंतर भूक," ती म्हणाली. "चाचांनी सांगितलं सगळं. आधी गप्प बसायचं, मग उपाशी ठेवायचं."

नूरीनं नाही म्हटलं नाही. "ठेवतो. खोटं कशाला बोलू? उपाशी नसेल तर ती माझ्याकडे येणार नाही. मी तिला आवडतो म्हणून थोडीच येते ती. भूक आणते तिला."

"आणि तुम्हाला ते चालतं?"

त्यानं विचार केला. "शिकारीपुरतं चालतं. पण आजचा दिवस यासाठीच असतो."

शेजारी कागदात लावा पक्ष्याचं मांस होतं, ताजं. त्यानं ते उलगडलं आणि भरवायला सुरुवात केली. पाखरू तुटून पडलं. खाऊन झालं असं वाटलं तरी तो देत राहिला. गळ्याखालची पिशवी लिंबाएवढी फुगली तरी देत राहिला.

"बास की, फुटेल ती," रौधाला राहवलं नाही.

"जत्रेत लोक अर्धपोटी सोडतात," नूरी म्हणाला. "मग पाखरू घिरट्या घालतं, परत मुठीवर येतं, पाहुणे टाळ्या वाजवतात. म्हणतात, बघा किती जीव आहे मालकावर! जीव कसला, रिकामं पोट." त्यानं आणखी एक तुकडा दिला. पाखरानं मान फिरवली. दुसऱ्यांदा दिला, पुन्हा फिरवली. मग त्यानं खिशातून कात्री काढून पायांतल्या वाद्या कापल्या, एक, मग दुसरी.

त्यानं मूठ वर केली. पाखरू क्षणभर बसून राहिलं, पिसं झटकली आणि उडालं. कड्याच्या कडेनं खाली गेलं, वाऱ्यावर वर आलं आणि उत्तरेकडे समुद्रावर निघालं. नूरीनं शीळ घातली. एकदाच. ते थांबलं नाही.

"वळूनसुद्धा बघितलं नाही," रौधा हळहळली. "कमाल आहे बाई!"

"म्हणजे पोट नीट भरलं," नूरी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्यानं ते पुसले नाहीत. रिकामा डावा हात अजून तसाच पोटाशी धरलेला होता.

वसीला त्या हाताकडे बघत होती आणि तिच्या मनात न्हाणीघराच्या दारावरची टकटक वाजत होती. जिन्यातल्या बायका. बाल्कनीतली खोली, पावसात गळणारी. परवा आपण काय म्हणणार होतो आणि का म्हणणार होतो, हे तिला लख्ख दिसलं. या माणसाला तिनं धड पाहिलंही नव्हतं आणि हो ठरवून बसली होती. त्याला भेटण्याआधीच ती उपाशी होती.

"मला तुम्हाला काही सांगायचंय," ती म्हणाली. "मी शुक्रवारी हो म्हणणार होते."

नूरीनं पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं.

"तुमच्यासाठी नाही. भावाच्या घरातून सुटायला. कुणीही आला असता, तुमच्या जागी, तरी म्हटलं असतं." ती थांबली नाही. "म्हणून आता नाही म्हणतेय."

"अगं ए!" रौधा ओरडली. "वेड लागलं का तुला? एवढा चांगला... अहो नूरीभाई, ऊन लागलंय हिला. कालपासून नुसत्या अंड्यांवर आहे."

पण नूरीला कळलं होतं. तो कड्यावरून खाली बघत राहिला. "मला वाईट वाटतंय," तो म्हणाला. "खूप. ती गेली आणि तुम्हीही, दोन्ही आजच." मग म्हणाला, "तुमच्या भावाला मी कळवतो, की मीच माघार घेतली. म्हणजे घरी तुम्हाला कुणी बोलणार नाही."

वसीला पटकन हो म्हणणार होती. केवढं सोपं झालं असतं. मग तिनं मान हलवली. "नको. माझं नाही मलाच सांगू द्या."

तिनं तिथंच फोन लावला. भाऊ आधी खूश झाला, किल्ला कसा आहे म्हणाला. मग तिनं सांगितलं आणि फोनमधून येणारा आवाज रौधालाही ऐकू यायला लागला. तिनं फोन कानापासून लांब धरला, ओरडून संपेपर्यंत वाट पाहिली, पुन्हा कानाला लावला.

"नाही दादा, हात धड आहे. जीभही धड आहे. माणूस चांगला आहे, तुला वाटतं त्याहून चांगला. म्हणूनच त्याला खोटं हो द्यायचं नाहीये... ते मी बघते. लॅबजवळ खोली बघणार आहे. भाड्याची... हो, एकटी... लोक बोलतील तर बोलू देत. वहिनीला सांग, सकाळी न्हाणीघर मोकळं मिळेल."

तिनं फोन बंद केला. ती दगडावर बसली. नूरी बाजूला बसला नाही. तो समोर येऊन उभा राहिला, चांगला तिच्या डोळ्यांत बघत, आणि त्याला ते जड जात होतं हे दिसत होतं.

"खोली मिळेल," तो म्हणाला. "मग दार तुमचं, न्हाणीघर तुमचं. पोट भरेल."

"भरेल."

"बरं होईल." त्यानं कापलेल्या वाद्या खिशात टाकल्या. "पोट भरलेलं पाखरू परत येत नाही. इतकी वर्षं सोडतोय, एकदाही आलं नाही. तुम्ही विचारायच्या आधीच सांगून टाकतो."

वसीलानं समुद्राकडे बघितलं. तिकडे आता काहीच दिसत नव्हतं, नुसतं पाणी आणि वारा.

"ते पाखराचं झालं," ती म्हणाली. "मी बाई आहे, नूरी. पोट भरल्यावरसुद्धा मला कुणाची आठवण येऊ शकते."